टीव्हीला सराउंड साउंड जोडताना: आधी सिग्नल तपासा, मग स्पीकर

पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) जोडले, सगळ्यांतून आवाज येऊ लागला, म्हणजे सराउंड साउंड चालू झाला असे बहुतेक घरांत धरले जाते. प्रत्यक्षात अनेकदा टीव्हीकडून रिसीव्हरला, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्राला, डावा आणि उजवा असे दोनच चॅनेल पोचत असतात आणि रिसीव्हर तेच दोन चॅनेल पाचही स्पीकरांत वाटून देत असतो. म्हणून कानावर विसंबण्याआधी रिसीव्हरचा डिस्प्ले पाहण्याची सवय लावून घ्यावी. रिमोटवरचे ‘इन्फो’ किंवा ‘स्टेटस’ बटण दाबले की आत कोणता सिग्नल येत आहे ते दिसते. ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डॉल्बी डिजिटल प्लस’, ‘डीटीएस’ किंवा ‘मल्टिचॅनेल पीसीएम’ (पीसीएम म्हणजे न दाबलेला, उलगडलेला डिजिटल आवाज) असे काही दिसले आणि त्यापुढे ५.१, म्हणजे पाच स्पीकरांचे चॅनेल आणि सबवूफरचा एक, असेल, तर पुढचे काम स्पीकरांचे आहे. डॉल्बीच्या नावाखालीही दोन चॅनेलचा आवाज येऊ शकतो, त्यामुळे आकडा पाहणे महत्त्वाचे. ‘पीसीएम २.०’ किंवा ‘स्टिरिओ’ दिसत असेल, तर स्पीकर कितीही हलवले तरी उपयोग नाही. उरलेले चॅनेल वाटेतच कुठेतरी गळाले आहेत आणि ती जागा शोधणे हे पहिले काम. रिसीव्हरऐवजी मागच्या स्पीकरांसह येणारा साउंडबार असेल, तरी हीच तपासणी लागू होते.

शोध मूळ कार्यक्रमापासून सुरू करावा. ओटीटी ॲपमध्ये चित्रपट चालू करून भाषेची यादी उघडली, तर काही भाषांपुढे ५.१ लिहिलेले असते आणि काहींपुढे नसते. एकाच चित्रपटाची मूळ भाषा ५.१ मध्ये आणि डब केलेली हिंदी केवळ स्टिरिओत, असेही आढळते. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ दोन चॅनेलचेच असतात, तेव्हा तपासणीसाठी त्यांचा आधार घेऊ नये. सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘डॉल्बी’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ (आवाज न उलगडता पुढे देणे) असा पर्याय असेल तर तो निवडावा, परंतु वाहिनीच स्टिरिओत प्रक्षेपण करत असेल तर बॉक्स तरी ५.१ कुठून देणार? पेठापेठांत फुटबॉलचे वेड असलेल्या आपल्या कोल्हापुरात हे सामना पाहताना चटकन कळते. प्रक्षेपण ५.१ मध्ये असेल तर समालोचन सामान्यतः मधल्या स्पीकरमधून आणि प्रेक्षकांचा गलका बाजूंनी येतो. स्टिरिओ असेल तर दोन्ही समोरच एकमेकांत मिसळतात.

यानंतर टीव्ही. माझ्या पाहण्यात सर्वाधिक घोटाळे इथेच होतात, म्हणून इथे वेळ द्यावा. टीव्हीच्या मागे अनेक एचडीएमआय पोर्ट असले, तरी आवाज बाहेर पाठवू शकणारे पोर्ट बहुधा एकच असते आणि त्याच्या शेजारी ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत पाठवण्याची सोय) किंवा तिचे सुधारित रूप ‘ईएआरसी’ असे छापलेले असते. केबलचे एक टोक त्यात आणि दुसरे रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटपुटमध्ये, म्हणजे ज्यावर हीच अक्षरे आहेत त्यात बसवावे. रिसीव्हरच्या इनपुटमध्ये ते बसवले तर आवाज येणारच नाही. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना सूचना देण्याची सोय, चालू करावे. या सोयीला प्रत्येक कंपनीने वेगळे नाव दिले आहे. सॅमसंगमध्ये ती ‘एनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिम्पलिंक’ आणि सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’ या नावाने सापडेल. रिसीव्हरमध्येही सीईसी आणि एआरसी हे दोन्ही पर्याय चालू असावे लागतात. नंतर टीव्हीचे ‘साउंड आउटपुट’ टीव्ही स्पीकरवरून रिसीव्हरवर न्यावे.

एवढे करूनही डिस्प्लेवर ‘पीसीएम २.०’ येत असेल, तर दोष बहुधा ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’ नावाच्या एका सेटिंगचा असतो. तिथे ‘पीसीएम’ निवडलेले असेल तर टीव्ही आवाज स्वतः उलगडतो आणि साध्या एआरसीवरून दोनच चॅनेल पुढे पाठवतो. तिथे ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ यांपैकी जे असेल ते निवडावे, म्हणजे टीव्ही आवाजाला हात न लावता तो जसाच्या तसा रिसीव्हरकडे देईल आणि उलगडण्याचे काम रिसीव्हर करील. बदल केल्यानंतर दोन्ही यंत्रे भिंतीवरच्या स्विचवरून बंद करून मिनिटभराने पुन्हा सुरू करावीत, कारण एचडीएमआयने जोडलेली यंत्रे सुरू होताना एकमेकांची क्षमता विचारून घेतात आणि जुनी माहिती कधीकधी तशीच राहते.

कोणत्या वाटेने काय जाऊ शकते हेही माहीत असावे. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आले. त्यावरून डॉल्बी डिजिटल जाते आणि बऱ्याच टीव्हींत डॉल्बी डिजिटल प्लसही जाते, त्यामुळे ओटीटीवरील ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आल्याचा भास देणारा डॉल्बीचा प्रकार) साध्या एआरसीवरूनही मिळू शकते. ब्लू-रे डिस्कवरचे डॉल्बी ट्रूएचडी (आवाजातले काहीही न गाळणारा प्रकार) किंवा मल्टिचॅनेल पीसीएम मात्र त्यात मावत नाही. त्यासाठी २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर आलेले ईएआरसी लागते आणि ते टीव्ही व रिसीव्हर दोन्हींत असावे लागते. टीव्ही जुना असेल आणि त्यात एआरसीच नसेल, तर ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यावरून डॉल्बी डिजिटल ५.१ नीट जाते, डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. काही टीव्ही बाहेरून आलेला ५.१ आवाज पुढे देताना स्टिरिओ करून टाकतात. अशा वेळी टीव्हीशी झगडत बसू नये. सेट-टॉप बॉक्स किंवा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा आणि रिसीव्हरकडून चित्र टीव्हीला द्यावे.

सिग्नल जागेवर आला की खोलीकडे वळावे. समोरचे दोन स्पीकर आणि बसण्याची जागा यांचा समभुज त्रिकोण झाला, की दोन्ही स्पीकर मध्यरेषेपासून तीस-तीस अंशांवर येतात. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली ठेवताना कपाटाच्या कप्प्यात खोल सरकवू नये. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे घ्यावा आणि पुढून थोडा उचलून कानांच्या दिशेने करावा, कारण संवाद जवळजवळ सगळे त्यातूनच येतात. सराउंडचे दोन स्पीकर ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेच्या जरा मागे असायला हवेत.

अडचण येते ती इथेच. राजारामपुरीतला हॉल असो की शिवाजी पेठेतल्या जुन्या घराचा सोपा, दिवाण किंवा कोच बहुतेक ठिकाणी मागच्या भिंतीला टेकलेला असतो आणि मागे स्पीकरला जागाच उरत नाही. कोच दोन फूट पुढे घेता आला तर घ्यावा. इतर कोणत्याही उपायापेक्षा याचा फरक जास्त पडतो. ते शक्य नसेल तर सराउंड स्पीकर बाजूच्या भिंतींवर, कानांच्या थेट रेषेत, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा फूट-दोन फूट उंच लावावेत आणि त्यांची तोंडे थेट कानांकडे न करता समोरासमोर ठेवावीत. मागच्या भिंतीवर डोक्याच्या अगदी शेजारी लावलेला स्पीकर चित्रपटभर स्वतःकडेच लक्ष वेधत राहतो. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स आणि चारी बाजूंना मोकळ्या भिंती अशा खोलीत आवाज घुमतो आणि संवाद अस्पष्ट होतात. टीव्ही आणि कोच यांच्यामध्ये जाड सतरंजी आणि खिडक्यांना जड पडदे एवढ्यानेही तो बराच आवरतो.

वायर शुद्ध तांब्याची, सोळा गेजची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर स्वस्त मिळते, पण लांब अंतरासाठी ती घेऊ नये. लाल टोक लाल खुंटीला आणि काळे काळ्या खुंटीला जाते आहे हे प्रत्येक स्पीकरवर पाहावे, कारण एक जरी उलटा जोडला तरी खर्ज पोकळ होतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या विजा कडाडू लागायच्या आधीच रिसीव्हर आणि टीव्ही यांचे प्लग काढून ठेवावेत आणि डिशची किंवा केबलची वायरही सोडवावी. विजेचा दाब त्या वायरीनेही आत येऊन एचडीएमआय पोर्ट जाळू शकतो.

रिसीव्हरबरोबर मायक्रोफोन आला असेल, तर तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवून, पंखा आणि कूलर बंद करून स्वयंचलित मोजणी करून घ्यावी. मायक्रोफोन नसल्यास प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजून भरावे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फुटाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, आणि त्या हिशेबाने रिसीव्हर जवळच्या स्पीकरला थोडे थांबवतो. मग टेस्ट टोन लावून मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपने सगळे स्पीकर बसण्याच्या जागी ७५ डेसिबलवर आणावेत. स्पीकर लहान असतील तर सेटिंगमध्ये ‘स्मॉल’ निवडून क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झ ठेवावा. सबवूफरची जागा शोधताना तो काही वेळ कोचवरच ठेवावा, खर्जाचे संगीत लावावे आणि भिंतींच्या कडेने कान खाली नेऊन फिरावे. जिथे खर्ज भरीव आणि एकसारखा ऐकू येतो तिथे सबवूफर ठेवावा.

जुने मराठी चित्रपट पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९३२ साली प्रभात कंपनीने कोल्हापुरातच पहिला मराठी बोलपट तयार केला. त्या काळातील आणि त्यानंतरच्या कित्येक दशकांतील चित्रपटांचा ध्वनी एकाच चॅनेलचा आहे. रिसीव्हर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ (कमी चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरांत विभागणाऱ्या) मोडवर असेल तर हा आवाज मधल्या स्पीकरमधून येईल आणि मागचे स्पीकर शांत राहतील. हा बिघाड नाही. मागचे वाजावेत म्हणून ‘हॉल’ किंवा ‘ऑल चॅनेल स्टिरिओ’ लावले, तर आधीच जुन्या झालेल्या ध्वनिमुद्रणातले शब्द आणखी पुसट होतात.

पेठांतली घरे भिंतीला भिंत लागून आहेत आणि सबवूफरचा खर्ज भिंतीतून सहज पलीकडे जातो. सबवूफर सामाईक भिंतीपासून दूर, जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवावा. रात्री रिसीव्हरचा ‘नाइट मोड’ लावल्यास स्फोटांचा आवाज दबतो आणि हळू बोललेले संवाद वर येतात. दिवसा तो बंद करायला विसरू नये, नाहीतर नीट जुळवलेली यंत्रणाही दबलेली आणि सपाट वाटू लागते.