आतड्याच्या अस्तरासाठी प्रथिने : सोलापुरी जेवणाची मांडणी

आतड्याचे अस्तर हा पेशींचा एकच थर असतो आणि लहान आतड्यात तो साधारण ३ ते ५ दिवसांत नवा होतो. पेशींमधल्या फटी क्लॉडिन आणि ऑक्लुडिन ही प्रथिने बंद ठेवतात, म्युसिन हे प्रथिन वर बुळबुळीत लेप धरते आणि आयजीए प्रतिपिंडे जंतूंना त्या लेपातच अडवतात. खाल्लेले प्रथिन मात्र जसेच्या तसे तिथे पोहोचत नाही. ते पचून अमिनो आम्ले होतात व त्यांतून पेशी आपली प्रथिने घडवतात. म्हणून रोजचा पुरवठा खंडित होऊ देऊ नये.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. शंभर ग्रॅम ज्वारीतून सुमारे १० ग्रॅम प्रथिने मिळतात, पण त्यात लायसिन हे गरजेचे अमिनो आम्ल कमी असते. शेंगदाण्यात प्रथिने भरपूर असली तरी लायसिन तिथेही तोकडेच, त्यामुळे कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढ्यावर जेवण उरकणाऱ्यांनी, आणि सोलापुरात असे पुष्कळ आहेत, सोबत तुरीचे वरण, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, दही किंवा अंडे आवर्जून घ्यावे. ज्वारीचे प्रथिन शिजवल्यावर पचायला जड होते. पीठ रात्रभर आंबवून केलेली आंबील त्या दृष्टीने उत्तम, आणि उन्हाळ्यात तर मला तिच्याइतके योग्य दुसरे काही वाटत नाही.

भाकरी व कडधान्यांतील तंतूंपासून मोठ्या आतड्यातील जिवाणू ब्युटिरेट तयार करतात, जे तिथल्या पेशींचे मुख्य इंधन आहे. तंतू न मिळाल्यास काही जिवाणू म्युसिनचा लेपच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

यंत्रमागावर उभे राहून अंग दुखते म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सल्ल्याविना दिवसेंदिवस घेऊ नयेत. त्या अस्तराला इजा करतात.

शौचातून रक्त पडणे, नकळत वजन घटणे किंवा जुलाब आठवडे टिकणे, यांपैकी काहीही दिसल्यास आहारावर विसंबून न राहता तपासणी करावी. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे होणाऱ्या सीलियाक आजाराची शंका असेल, तर ज्वारीत ग्लुटेन नसल्याने भाकरी चालते; परंतु रक्ततपासणीपूर्वी गहू बंद करू नये, अन्यथा आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.