मुंबईला सेलो ऐकायला निघण्याआधी

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा (पाश्चात्त्य वाद्यवृंद) आहे आणि सोलोला, म्हणजे मुख्य एकल वाद्य म्हणून, सेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य) आहे असं कळलं, की आपल्या सांगली-मिरजेतला गाण्याचा माणूस आधी तिकीट बघतो. तिकीट ऑनलाइन मिळतं, त्यात फार डोकं लागत नाही. आधी बघायची ती परतीची सोय. जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस झकास: रात्री सांगलीत बसा, सकाळी सीएसएमटी. पण कार्यक्रम बहुधा सातला सुरू होऊन नऊच्या सुमारास सुटतो आणि परतीची महालक्ष्मी तोवर मुंबई सोडून गेलेली असते. म्हणजे एक तर मुक्काम किंवा उशिराची ट्रॅव्हल्स. ट्रॅव्हल्स ठरवलीत तर ती कुठून पकडायची ते आधी विचारून घ्या, कारण नरिमन पॉइंटवरून सायन-चेंबूर गाठायचं म्हणजे तासाभराची निश्चिंती. जाताना कोयना एक्सप्रेसचा मोह नको. ती मुंबईत शिरेपर्यंत सात कधीच वाजून गेलेले असतात.

वेळेचं एवढं कौतुक का, ते सांगतो. या कार्यक्रमांचा क्रम साधारण ठरलेला असतो. सुरुवातीला एखादी छोटी रचना, मग सोलो वादकाचा कॉन्चेर्टो (एका वादकाने ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवायची रचना), मग मध्यंतर, आणि शेवटी मोठी सिम्फनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्राची रचना. म्हणजे ज्याच्यासाठी रात्रभर प्रवास केला तो सेलो पहिल्या तासाभरातच आटोपतो. आपल्याकडे आधी शिष्यमंडळी गातात, बुवा निवांत बसतात, त्यामुळे अर्धा तास इकडचा तिकडे झाला तरी कोणी मनावर घेत नाही. इथे रचना सुरू झाली की दार बंद, आणि उशिरा आलेल्याला ती संपेपर्यंत बाहेरच थांबावं लागतं. कॉन्चेर्टो द्वोर्झाक या संगीतकाराचा असेल तर ही शिक्षा चाळीस मिनिटांची. साडेसहाला आवारात असायचंच, असं घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा.

आता खरी तयारी, कानाची. कपड्यांच्या चर्चेत लोक जेवढा वेळ घालवतात त्याच्या निम्मा जरी इथे घातला तरी तिकीट वसूल. कोणता कॉन्चेर्टो आहे ते बघा, त्याचं एकच रेकॉर्डिंग निवडा आणि आठवडाभर तेच ऐका; पाच जणांची पाच ऐकून नुसता गोंधळ होतो. एल्गार या संगीतकाराचा असेल तर जॅकलिन दु प्रे या सेलोवादिकेचं 1965 सालचं. ही रचना 1919 ची, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि तो विषाद तिच्यात मुरलेला आहे. ऑर्केस्ट्राची प्रस्तावना वगैरे काही नाही, सेलो एकदम भरदार स्वरसमूहांनीच उघडतो. द्वोर्झाकचं उलट. तिथे ऑर्केस्ट्रा साडेतीनेक मिनिटं एकटाच वाजतो आणि सेलोवादक गज (बो) मांडीवर ठेवून शांत बसलेला असतो. नवख्याला वाटतं काही बिघडलं की काय! गंमत म्हणजे सोलोवाद्य म्हणून सेलोवर या द्वोर्झाकचाच आधी भरवसा नव्हता. पुढे न्यूयॉर्कला असताना, 1894-95 मध्ये, त्यानेच हा कॉन्चेर्टो लिहिला. सां-सान्स या संगीतकाराचा पहिला कॉन्चेर्टो मात्र वीसेक मिनिटांचा आणि सलग. लहान मुलांना नेणार असाल तर सुरुवातीला तोच बरा.

घरात कोणी सेलो पाहिलाच नसेल तर सास्किया राव-द हास यांचं वादन दाखवा. आपल्या रागसंगीतासाठी त्यांनी तरफांच्या (आपोआप घुमणाऱ्या) तारा असलेला वेगळा सेलो घडवून घेतला आणि त्या जमिनीवर बसून वाजवतात. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला त्यातून लगेच वाट सापडते. ऑर्केस्ट्रातला सेलो चार तारांचा, खुर्चीवर बसून, खालची लोखंडी दांडी जमिनीत रोवून वाजवायचा. आवाज पुरुषी गळ्याच्या जवळचा. म्हणून तर ख्याल ऐकणाऱ्यांना तो व्हायोलिनपेक्षा लवकर भिडतो, असं माझं मत.

जागा निवडताना पहिल्या रांगेचा हट्ट नको. सोलोवादक कंडक्टरच्या, म्हणजे समोर उभं राहून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याच्या, डाव्या हाताला बसतो, म्हणजे आपल्यालाही किंचित डावीकडे, तेव्हा मधल्या रांगांत डावीकडे बसलं की हात आणि गज दोन्ही दिसतात. एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये या कार्यक्रमांना माइक लावत नाहीत, सगळा आवाज लाकूड-तारांचा, त्यामुळे स्वस्तातली बाल्कनीसुद्धा वाईट नाही.

कोट-टाय लागत नाही. नेटका सदरा, साडी, सलवार-कमीज, काहीही चालतं. एसीसाठी शाल मात्र घ्याच.

दाद हा आपला नाजूक विषय. इथे मध्येच ‘क्या बात है’ नाही, मान डोलावली तरी पुरे. कॉन्चेर्टो बहुधा तीन-चार भागांचा असतो आणि दोन भागांच्या मधल्या शांततेत टाळी वाजवत नाहीत. माहितीपत्रकात भाग मोजून ठेवा. तेवढंही नको असेल तर कंडक्टर हात खाली घेऊन आपल्याकडे वळेपर्यंत थांबा. खोकल्यासाठी खडीसाखर आणि लवंग रुमालात सुटी बांधून न्या. वेष्टनातली गोळी हळू सोलली की जास्त वेळ कुरकुरते. फोन सायलेंटवर नको, बंदच करा.

सुरुवातीला ओबोवाला (ओबो म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य) एक लांब स्वर धरतो आणि सगळे त्याला वाद्यं मिळवून घेतात, तेव्हा बोलत बसू नका. तानपुरा जुळताना आपण गप्प बसतो तसंच. आणि कॉन्चेर्टो संपला म्हणून लगेच चहाला उठायचं नाही. टाळ्या जोरदार झाल्या तर वादक परत येऊन बऱ्याचदा एकट्यानेच काहीतरी वाजवतो, बहुतेक वेळा बाख या संगीतकाराच्या एकट्या सेलोसाठीच्या सहा सुइट्सपैकी (रचनामालांपैकी) एखादा तुकडा. चहाची रांग पाच मिनिटांनी गेलात तरी तेवढीच असते.