इंजिन बसलं, पण गाडी पकडेना: वायरिंग आणि ईसीयूच्या या चुका टाळा

इंजिन बदलायला निघालेला माणूस माउंटिंग आणि गिअरबॉक्सवर महिनाभर बोलतो. वायरिंगचं विचारलं की म्हणतो, "ते काय, शेवटी जोडून टाकू." हे ऐकलं की पुढचे तीन रविवार कोणाचे वाया जाणार ते मला कळतं. बहुतेक वेळा माझेच जातात.

इंजिन एका सालचं, ईसीयू दुसऱ्या सालचा

नाव तेच, आकार तोच, म्हणून ईसीयूही (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) चालेल असं धरून चालायचं, ही माझी सगळ्यात नावडती चूक. जीएमच्या (जनरल मोटर्स) एलएस इंजिनांचंच बघा. सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टवरच्या दातेरी रिलक्टर चाकावर 24 खुणा, नंतरच्यांत 58. या चाकावरूनच ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. 24 वाल्या ईसीयूला 58 चा सिग्नल दिला तर त्याला त्यातलं काहीच उमगत नाही.

एका मित्राने असंच केलं होतं. नव्या सालचं इंजिन स्वस्तात मिळालं, जुना ईसीयू घरात पडून होता. सेल्फ मारला की इंजिन छान फिरायचं, पंपाचा आवाज यायचा, पण स्पार्क नाही. त्याने क्रँक सेन्सर दोनदा बदलला. मी गेलो आणि शहाणपणा करत कॉइलपासून सुरुवात केली, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी स्कॅनर लावून सेल्फ मारला तर आरपीएम शून्य. मग स्टार्टर उतरवून मागचा सेन्सर पाहिला. राखाडी. 24 च्या इंजिनात तो काळा असतो. "सेन्सरचा कपलर (वायर जोडायचा प्लग) बसत होता का रे?" असं विचारल्यावर गडी म्हणतो, "नव्हता बसत, म्हणून कापून जुना जोडला." कपलर बसत नाही याचा अर्थ कंपनी तुम्हाला काहीतरी सांगत असते. ते ऐकायचं सोडून आपण कटर काढतो.

चाक बदलायचं तर क्रँकशाफ्ट बाहेर काढावा लागतो. 58 चा सिग्नल 24 मध्ये बदलून देणारा डबा मिळतो, आणि चालतोही. पण उद्या गाडी बंद पडली तर संशय घ्यायला आणखी एक वस्तू वाढली. आम्ही त्या इंजिनाच्या जोडीचा ईसीयू आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) शोधून आणला.

माझी सवय सांगतो. इंजिन बघायला गेलो की ब्लॉकच्या आधी ईसीयूचं लेबल बघतो आणि फोटो काढतो. शक्य असेल तर इंजिन त्याच्या मूळ गाडीत सुरू करून बघतो. घेताना हार्नेस, ईसीयू, इमोबिलायझरचा डबा (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारा), चावीभोवतीची रिंग आणि चावी, सगळं त्याच गाडीतलं घेतो. चावी विसरलात तर काही गाड्यांत इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं, आणि लोक फ्युएल पंप बदलत बसतात.

ईसीयूला भलत्याच वायरवरून करंट

लक्षण ओळखीचं आहे. सेल्फ मारताना गाडी पकडत नाही, चावी सोडली की त्या क्षणी एखादी उचकी देते. कारण ईसीयूची इग्निशन वायर म्युझिक सिस्टिमच्या लाइनला जोडलेली असते. चावी स्टार्टवर नेली की ती लाइन मुद्दाम तोडली जाते, म्हणजे सगळी ताकद स्टार्टरला मिळावी. ईसीयूला करंट ऑन आणि स्टार्ट दोन्हीकडे लागतो. "ऑनला 12 व्होल्ट येतात की," असं मला सांगू नका. दुसऱ्याला सेल्फ मारायला लावा आणि तेव्हा ईसीयूच्या पिनवर मीटर धरा. बॅटरी दबते म्हणून 10 च्या आसपास दिसले तर ठीक, शून्य दिसला तर वायर चुकली.

अर्थ

बॉडीच्या रंगावरच अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हची) वायर घट्ट केली आणि वर आणखी रंग मारला, असं मी स्वतः पाहिलंय. इंजिन आणि बॉडीमधली जाड पट्टी परत लावायचीही लोक विसरतात. मग स्टार्टरचा करंट सेन्सरच्या बारीक अर्थमधून वाट शोधतो आणि वायर जळते. हे ओहमवर तपासून समाधान मानू नका. पट्टीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्याजवळच दाखवतो. मी सेल्फ मारताना बॅटरीची निगेटिव्ह आणि ब्लॉक यांच्यातला व्होल्टेज बघतो. 0.2 च्या वर गेला की पट्टी काढून धातू चकचकीत घासतो.

बाकीच्यांना फार वेळ देत नाही

वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, सालागणिक रंग बदलतात. पिन नंबर बघा. मी प्रत्येक कपलरला कागदी टेप लावून त्यावर पेनने लिहितो. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याच्या लक्षात दोन आठवड्यांनी काहीही राहत नाही.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पेडल आणि थ्रॉटल बॉडी त्याच ईसीयूच्या जोडीची घ्या. पेडल दिसायला सारखी असतात, व्होल्टेज सारखे नसतात.

इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजून घ्या. 12 ओहमच्या जागी 2-3 ओहमचे लावले तर ईसीयूमधलं इंजेक्टर चालवणारं सर्किट (ड्रायव्हर) जळू शकतं.

कॅन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी) वाढवली असेल तर बॅटरी काढून दोन वायरींमध्ये ओहम मोजा. साधारण 60 यायला हवेत. 120 आले तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे, किंवा वायर मध्येच तुटली आहे.

डॅशबोर्डचा काटा आणि ईसीयू यांचे तापमानाचे सेन्सर बऱ्याच जुन्या गाड्यांत वेगळे असतात. दोन्ही एकाच सेन्सरवर जोडले की दोघंही खोटं बोलतात.

आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा अडचण वाटली म्हणून काढून टाकला असेल, तर चार्जिंग का होत नाही हे विचारायला मला फोन करू नका. अनेक जुन्या अल्टरनेटरना पहिला करंट त्याच दिव्यातून मिळतो. बल्ब परत लावा.