तालमीतून एमएमएकडे : मराठवाड्यातल्या मल्लाने तयारी कशी करावी

मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले एमएमए, शिकायचे मनात आले की बहुतेक मुले आधी मोबाइलवर नॉकआउट पाहतात आणि मग घरात पंचिंग बॅग टांगायला जागा शोधतात. मराठवाड्यातल्या मुलाने किंवा मुलीने सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या खेळाचा मोठा भाग आपल्याकडच्या तालमीत आधीपासूनच शिकवला जातो. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. त्यांना घडवणारे वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. ज्या भागात अशी परंपरा आहे, तिथल्या मुलाने ती बाजूला ठेवून केवळ ठोसे शिकायला जाणे हे हातातले भांडवल फेकून देण्यासारखे आहे. रशियातल्या दागिस्तानच्या खबीब नुर्मागोमेदोव या एमएमए लढवय्याने २९ पैकी २९ लढती जिंकून २०२० मध्ये निवृत्ती घेतली, तीही प्रामुख्याने पकडीच्या जोरावर. आपल्याकडच्या ऋतू फोगाट कुस्तीतूनच एमएमएमध्ये आल्या.

मात्र कुस्ती येते म्हणून एमएमए आपोआप येत नाही. काही सवयी नव्याने लावाव्या लागतात आणि काही मोडाव्या लागतात. मोडण्याचे काम अधिक अवघड असते, म्हणून या लेखात त्यावर अधिक भर दिला आहे.

पहिली पायरी : नियम समजून घेणे

व्यावसायिक लढत साधारणपणे प्रत्येकी ५ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची असते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये १ मिनिट विश्रांती मिळते. अजिंक्यपदाची लढत ५ फेऱ्यांची असते. हौशी लढतींत फेऱ्या लहान असतात, संरक्षक साहित्य जास्त असते आणि काही फटक्यांना बंदी असते, त्यामुळे नाव देण्याआधी त्या स्पर्धेची नियमावली मागवून वाचावी. प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडणे, पंचांनी लढत थांबवणे, प्रतिस्पर्ध्याने हाताने थाप देऊन हार मानणे किंवा गुणांवर निर्णय होणे, अशा मार्गांनी निकाल लागतो. डोळ्यात बोट घालणे, डोक्याच्या मागच्या बाजूला किंवा कण्यावर मारणे, जांघेत मारणे आणि डोक्याने धडक देणे निषिद्ध आहे. कुस्तीगिराने एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी : इथे पाठ टेकली म्हणून कुस्ती सुटत नाही.

दुसरी पायरी : जागा आणि गुरू निवडणे

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत बॉक्सिंग, किक बॉक्सिंग किंवा ज्युदो शिकवणारे प्रशिक्षक मिळू शकतात. एकाच छताखाली सगळे मिळाले नाही तरी अडत नाही. सकाळी गावच्या तालमीत वस्तादांकडे कुस्ती आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बॉक्सिंग, असे वर्षभर केले तरी पाया पक्का होतो. जमिनीवरच्या पकडी, गळपकडी आणि सांधेपकडी मात्र केवळ व्हिडिओ पाहून करू नयेत. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्यावर माणूस आठ-दहा सेकंदांतही बेशुद्ध होऊ शकतो, त्यामुळे ही विद्या जाणकाराच्या नजरेखालीच शिकावी. चांगला प्रशिक्षक ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे : नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात जुन्या मुलाशी जोरात मारामारी करायला लावणाऱ्या माणसाकडे परत जाऊ नये.

तिसरी पायरी : कुस्तीच्या सवयी बदलणे

तालमीतून आलेला मुलगा पहिल्यांदा मॅटवर उतरला की काय होते, ते नीट पाहण्यासारखे असते. तो झटक्यात खाली जाऊन दुहेरी पट काढतो, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय धरून ओढतो, समोरच्याला आपटतो आणि पाहणारे ‘वाह’ म्हणतात. पण पट काढताना त्याचे डोके समोरच्याच्या बगलेखाली गेलेले असते, मान पुढे ताणलेली असते, आणि पडता पडता समोरचा ती मान कोपराच्या बेचक्यात धरून गिलोटिन, म्हणजे समोरून गळा आवळणारी पकड, लावतो. मुलगा वर असतो, त्याला आपण जिंकलो असे वाटत असते, आणि काही क्षणांत त्यालाच थाप द्यावी लागते. यावर उपाय असा की पट काढताना डोके समोरच्याच्या छातीला किंवा बरगडीला बाहेरून घट्ट लावावे, हनुवटी छातीकडे ओढलेली ठेवावी आणि पाठ वाकवू नये. हा एकच बदल अंगी मुरायला बरेच महिने लागतात, म्हणून रोजच्या सरावाच्या सुरुवातीला, दमण्याआधी, तो सावकाश करावा.

दुसरी सवय त्याहून चिवट आहे. कुस्तीत चितपट टाळण्यासाठी मल्ल पालथा होऊन माती धरतो आणि हेच त्याला लहानपणापासून शिकवलेले असते. एमएमएमध्ये पालथे होणे म्हणजे पाठ प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणे. तो पाठीवर स्वार होतो, दोन्ही पायांचे हुक मांड्यांत अडकवतो आणि मागून गळा धरतो. त्यामुळे पाठ जमिनीला लागली तरी घाबरू नये. कोपर आणि गुडघा एकमेकांकडे ओढून, कंबर बाजूला सरकवत प्रतिस्पर्ध्याच्या खालून निसटणे, त्याचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून कंबरेचा पूल करून त्याला उलटवणे आणि पाय मध्ये आणून अंतर राखणे, या तीन गोष्टी पहिल्या सहा महिन्यांत हजारो वेळा व्हायला हव्यात. उरलेले डाव नंतर शिकता येतात.

तिसरा बदल उभे राहण्यातला. अनेक मल्ल उजवा पाय पुढे ठेवून, कंबरेत वाकून, हात खाली सोडून उभे राहतात. त्या पवित्र्यात चेहरा उघडा राहतो आणि पुढच्या पायावर सगळा भार असल्याने पोटरीवर बसणारी लाथ चुकवता येत नाही. उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे घेऊन, हात गालांपाशी ठेवून, भार दोन्ही पायांवर वाटून उभे राहण्याचा सराव आरशासमोर करावा. त्यानंतर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, शिकावा आणि लगेच त्याची सांगड पटाशी घालावी : जॅब दाखवला की समोरच्याचे हात वर जातात आणि त्याच क्षणी खाली जाऊन पट काढता येतो. आपल्या मल्लाला सुरुवातीला याहून अधिक ठोसे लागत नाहीत.

चौथी पायरी : आठवड्याची आखणी

सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी कुस्ती व जमिनीवरची पकड; मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी बॉक्सिंग व लाथा; शनिवारी सगळे एकत्र करून हलक्या हाताने सराव; रविवारी पूर्ण विश्रांती, असे वेळापत्रक नोकरी किंवा शिक्षण सांभाळून पाळता येते. आठवड्यातून दोन दिवस, सरावानंतर, ताकदीसाठी वेळ द्यावा. जोर, बैठका आणि सपाटे यांना आजही तोड नाही. त्यांत फक्त ओढण्याच्या व्यायामांची, म्हणजे पुल-अप आणि दोरी चढण्याची, भर घालावी, कारण जोर-बैठकांत ती बाजू कमी पडते. दोनदा तीस-चाळीस मिनिटे, बोलता येईल इतक्याच वेगाने पळावे. लढत ठरल्यावर शेवटच्या सहा आठवड्यांत ५ मिनिटे काम आणि १ मिनिट विश्रांती या मापाने सराव करावा. फ्रीस्टाइल कुस्ती ३-३ मिनिटांच्या दोन डावांची असते, त्यामुळे मल्लाचा दम पहिल्या फेरीत दिसतो आणि दुसरीत सरतो, हे वारंवार घडते.

पूर्ण जोरातली स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी लढतीसारखा सराव, पहिले सहा महिने करूच नये आणि नंतरही आठवड्यातून एकदापेक्षा जास्त करू नये. त्यासाठी १६ औंसांचे हातमोजे, दातांचे कवच, जांघेचे कवच आणि नडगीचे पॅड हवेत. लढतीतले ४ औंसांचे हातमोजे स्पॅरिंगला वापरू नयेत. अठरा वर्षांखालच्या मुलांनी डोक्यावर मार घेण्याचा सराव टाळावा.

पेरणी, काढणी किंवा ऊसतोडीच्या दिवसांत अंगमेहनत करणाऱ्या मुलांनी ते कामही सरावातच धरावे. दिवसभर मोळ्या उचललेल्या मुलाने रात्री पुन्हा ताकदीचा व्यायाम केला तर त्याचा खांदा दुखावेल, ताकद वाढणार नाही. अशा काळात तंत्राचा हलका सराव आणि झोप पुरेशी आहे.

पाचवी पायरी : आहार

खेळाडूला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. ६६ किलोच्या मुलासाठी हे १०५ ते १३० ग्रॅम होतात आणि ते आपल्या स्वयंपाकघरातून मिळू शकतात. चार अंड्यांतून सुमारे २४ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६, पन्नास ग्रॅम सोया वड्यांतून २५ च्या आसपास, पाऊण वाटी कोरड्या तुरीच्या डाळीतून १६ ते २०, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, वाटीभर मोड आलेल्या हरभऱ्यातून १० आणि दिवसभरातल्या चार भाकरींतून वीसेक ग्रॅम, अशी ही बेरीज जमते. मांसाहार करणाऱ्यांना आणखी सोपे जाते. लातूर पट्ट्यात तूर आणि सोयाबीन दारात पिकत असताना महागड्या डब्यातली पावडर पहिल्या वर्षी कुणीही घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

ज्वारीची भाकरी हे सरावाचे मुख्य इंधन आहे. सरावाआधी दोन-अडीच तास भाकरी, वरण आणि भाजी खावी. अर्धा तास आधी भूक लागली तर केळे पुरते. सरावानंतर तासाभरात दूध-केळे किंवा दही-भात घ्यावा. जुन्या खुराकातले तूप, बदाम आणि थंडाई वाईट नाहीत, परंतु एमएमए वजनगटांचा खेळ असल्याने त्यांचे माप ठरलेले असावे. उपवासाच्या दिवशी नुसत्या साबुदाण्यावर राहू नये, कारण त्यात पिष्टमय पदार्थांखेरीज फारसे काही नसते. दही, दूध आणि शेंगदाणे सोबत घ्यावेत. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांनी जोराचा सराव इफ्तारनंतर ठेवावा, दिवसा केवळ तंत्र घोटावे आणि शक्यतो त्या महिन्यात लढत स्वीकारू नये.

जिममधल्या ओळखीच्या माणसाने ‘दम वाढतो’ म्हणून दिलेले इंजेक्शन घेऊ नये. असे विकले जाणारे मेफेंटरमाइन हे खरे तर शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्याचे औषध आहे. निरोगी माणसात ते हृदयावर घातक ताण आणू शकते आणि उत्तेजकांच्या बंदी यादीतही ते आहे.

सहावी पायरी : उन्हाळा, पाणी आणि वजन

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे सराव सकाळी साडेसातच्या आत किंवा दिवे लागल्यानंतर करावा. सरावाआधी आणि नंतर वजन करावे. एक किलो कमी झाले असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, मीठ घातलेले ताक किंवा ओआरएस थोडे थोडे प्यावे. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडले आहे. टँकरच्या दिवसांत अंघोळीच्या आणि मॅट पुसण्याच्या पाण्याची कपात होते, पण इथे तडजोड करू नये. नायटा आणि फोड एका मुलाकडून सगळ्या तालमीत पसरतात. बादलीभर पाण्यात साबणाने अंघोळ, रोज धुतलेले कपडे आणि जंतुनाशकाने पुसलेली मॅट एवढे तरी व्हायलाच हवे.

वजन घटवण्याच्या बाबतीत मी कुणाचेही ऐकून सूट देणार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा अवघ्या २१ वर्षांचा चिनी लढवय्या वजन उतरवताना झालेल्या निर्जलीकरणानंतर मरण पावला आणि त्यानंतर वन चॅम्पियनशिप या संस्थेने शरीरातले पाणी घटवून वजन उतरवण्यावर बंदी आणली. मराठवाड्याच्या उन्हात स्वेटर घालून पळणे, पाणी तोडणे, थुंकत राहणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे हे सगळे प्रकार त्याच वाटेचे आहेत. सकाळच्या उपाशीपोटी वजनाच्या जवळचा गट निवडावा : ५६.७ किलोचा फ्लायवेट, ६१.२ चा बँटमवेट, ६५.८ चा फेदरवेट, ७०.३ चा लाइटवेट. ६८ किलोच्या मुलाने फेदरवेटसाठी सहा आठवडे हाताशी ठेवून आठवड्याला अर्धा किलोच्या आतबाहेर वजन आहारातून कमी करावे. एवढे जमत नसेल तर वरच्या गटात खेळावे.

सातवी पायरी : झोप, दुखापती आणि लढतीनंतरचे दिवस

रोज आठ तास झोप हवी. लग्नसराईतली जागरणे आणि रात्री उशिरापर्यंतचा मोबाइल टाळावा, आणि तंबाखू, गुटखा पूर्ण बंद करावा. कान सुजला तर तो कडक होण्याची वाट न पाहता एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडून त्यातले रक्त काढून घ्यावे; फुटलेला कान ही मल्लाची शोभा समजण्याची पद्धत सोडावी.

डोक्याला मार लागल्यावर गरगरणे, उलटी, प्रकाश सहन न होणे किंवा वागण्यात फरक यांपैकी काहीही दिसले तर सराव तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे आणि पहिली रात्र त्या मुलाला एकटे झोपू देऊ नये. नॉकआउट झालेल्या खेळाडूने किमान महिनाभर कोणत्याही प्रकारचा मार घेऊ नये. त्या काळात डॉक्टरांच्या संमतीने आधी चालणे, मग हलके पळणे, मग एकट्याने तंत्राचा सराव आणि शेवटी जोडीदारासोबत पकड, अशा क्रमाने परतावे. कोणत्याही टप्प्यावर डोके दुखू लागले तर एक टप्पा मागे जावे आणि लक्षणे पूर्ण थांबल्यावर, लेखी परवानगी हातात आल्यानंतरच स्पॅरिंगचे हातमोजे चढवावेत.