काचेच्या वाडग्यात माच्चा करताना या चुका टाळा

माच्चा म्हणजे हिरव्या चहाची बारीक दळलेली पूड, ती पाण्यात घुसळून चहा करतात. जपानच्या चहाविधीत, म्हणजे चानोयूत, बहुतेक वर्षभर मातीचेच वाडगे असतात. काचेचा चावान, म्हणजे चहाचा वाडगा, बाहेर निघतो तो ऐन उन्हाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये. तो नुसता पाहूनच पाहुण्याला गार वाटावं, हा हेतू. आपल्याकडे हौसेने असा वाडगा मागवला जातो आणि मातीच्या वाडग्यासारखाच वापरला जातो. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

उकळतं पाणी थेट ओतणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कढत पाणी पडलं की काचेचा आतला भाग लगेच प्रसरण पावतो, बाहेरचा मात्र अजून थंड असतो. त्या ओढाताणीत काच तडकते. जाड काच जास्त टिकते, हा समज इथे उलटा ठरतो. जितकी जाडी जास्त, तितकी उष्णता पलीकडे पोचायला उशीर, म्हणून जाड बुडाच्या वाडग्याला जास्त जपावं लागतं. काचेच्या ग्लासात चहा ओतताना आपण आधी चमचा ठेवतो, ती युक्ती इथे नको. धातूचा ओरखडा उमटला की पुढे तडा जायला तीच जागा सापडते.

आधी कोमट, मग थोडं गरम पाणी वाडग्यात फिरवा, ओतून टाका, पुसा. मग २ ग्रॅम माच्चा आणि ६०-७० मिली पाणी. मातीच्या वाडग्यात ८० अंशांचं पाणी चालतं, काचेसाठी मी ७० च्या आसपास थांबते. काच पटकन तापते, त्यामुळे हातालाही तेच बरं. वाडगा फ्रिजमधून काढलेला असेल तर गरम पाणी अजिबात नको. गरम चहावर वाडग्यातच बर्फ टाकणंही तितकंच वाईट. गार माच्चा हवा असेल तर दुसऱ्या भांड्यात घुसळा आणि निवल्यावर काचेत ओता.

फेस येत नाही?

दोष बहुधा काचेचा नसतो. पाणी कमी गरम असलं की गुठळ्या सुटत नाहीत, म्हणून पूड आधी बारीक गाळणीतून चाळा. चासेन म्हणजे बांबूची रवीच, पण ती ताक घुसळल्यासारखी तळव्यांत फिरवायची नाही. मनगट सैल ठेवून झपझप पुढे-मागे न्यायची, बुडावर न दाबता. उन्हाळी वाडगे पसरट असतात, त्यामुळे जोर लावला की चहा बाहेर उडतो. कोइचा, म्हणजे दाट चहा, काचेत करू नका. त्याला राकूसारखा जाड, ऊब धरणारा मातीचा वाडगाच हवा. काचेत उसुचा, पातळ चहा, शोभतो.

नक्षी पाहून भुलणं

बाजारात 'जपानी काचेचा वाडगा' म्हणून फळांचे, सॅलडचे वाडगेही मिळतात. आतून बोट फिरवून पाहा. बुडाशी कोपरा असेल तर पूड तिथे अडकते, आतल्या बाजूला कोरीव काम असेल तर चासेनचे दात तुटतात. एदो किरिको या जपानी कापीव काचकामाची नक्षी बाहेरून कापलेली असते आणि आतली बाजू गुळगुळीत राहते, म्हणून तसे वाडगे सोयीचे. सात्सुमा किरिको या दुसऱ्या प्रकारात रंगीत थर जाड असतो, त्यामुळे कापाच्या कडेला रंग हळूहळू फिका होत जातो. मला तोच जास्त आवडतो. ही कला कागोशिमाची. १५४९ मध्ये गोव्याहून निघालेला ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर जपानात पहिल्यांदा उतरला तो याच गावी. काचेसाठीचा जुना जपानी शब्द 'बीदोरो' हाही पोर्तुगीज 'विद्रो'वरूनच आलेला.

धुरकट झालेली काच

बोअरिंगच्या पाण्याचे क्षार बसले असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, निघतात. सोनेरी वर्ख असेल तर मात्र त्या भागाला व्हिनेगर लागू देऊ नका. व्हिनेगरनेही धुरकटपणा जात नसेल, तर डिशवॉशरच्या तीव्र पावडरीने काचेचा पृष्ठभागच खाल्लेला असतो, तो परत येत नाही. तारेचा चोथा कधीच नको. चहाचा हिरवट डाग मऊ कापड आणि चिमूटभर खायच्या सोड्याने जातो.

आणि केसाएवढा जरी तडा दिसला, तरी त्यात पुन्हा चहा नको. मातीच्या वाडग्याचे तुकडे किन्त्सुगीने, म्हणजे उरुशी या लाखेसारख्या रोगणाने जोडून सांध्यावर सोन्याची पूड लावण्याच्या पद्धतीने, सांधतात, पण गुळगुळीत काचेवर उरुशी नीट धरत नाही.