बाहेरची सीट घेताय? आधी बसवून बघा, मग बसा

बुलेटसाठी कंपनीची नसलेली, बाहेरची सीट ऑनलाइन मागवणार असाल, तर गाडीचं नाव बघून थांबू नका, वर्षही बघा. २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० (तिलाही लोक बुलेटच म्हणतात) पूर्ण नव्या चेसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, आली. जुन्या क्लासिकची सीट तिला बसत नाही, पण जाहिरातीत नुसतंच 'क्लासिक ३५०' लिहिलेलं असतं. विक्रेत्याला गाडीचं वर्ष कळवा आणि 'बसेल' हे उत्तर लेखी घ्या. व्हॉट्सॅपवर चालेल, पण फोनवर नको.

पार्सल आलं की खोकं फोडतानाच सलग व्हिडिओ काढा. सीटवरचं प्लास्टिक अजिबात काढू नका. आधी सीट उलटी करून खालचे ब्रॅकेट आणि लॉकची पिन जुन्या सीटशेजारी ठेवून ताडून बघा. माझ्या सीटची पिन बोटभर पुढे होती. मेकॅनिक म्हणाला, "घासून बसवतो." मी नको म्हटलं, म्हणून पैसे परत मिळाले. एकदा भोक पाडलं, कानस लावली, की तो माल वापरलेला ठरतो.

फोम कडक वाटला, रंग आवडला नाही, तर परत घेणं विक्रेत्याच्या धोरणावर असतं. परतीचं कुरियर कोण भरणार तेही आधीच विचारा. मात्र माल सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, सरळ फोन लावा. आणि जुनी सीट महिनाभर तरी कुणाला देऊ नका.