आरोग्यकर्मींना मुत्सद्देगिरी आणि आंतरसांस्कृतिक संवाद कसा शिकवावा

1851 साली पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, तेव्हा सहभागी झालेल्या बारा राष्ट्रांपैकी प्रत्येकाने एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी असे दोन प्रतिनिधी पाठवले होते. दोघांनाही स्वतंत्र मताधिकार असल्यामुळे एकाच देशाची दोन मते परस्परविरुद्ध पडू शकत. आज मात्र साथनियंत्रण, निर्वासितांची आरोग्यसेवा किंवा लसीकरण मोहीम सांभाळणाऱ्या आरोग्यकर्मीला या दोन्ही भूमिका एकट्याने पार पाडाव्या लागतात. त्यांपैकी दुसऱ्या भूमिकेचे शिक्षण त्याला सहसा मिळालेले नसते. पुढील सूचना असे प्रशिक्षण आखणाऱ्यांसाठी आहेत.

अभ्यासक्रम ठरवण्यापूर्वी, गेल्या वर्षभरात आपला शब्द कोणी मानला नाही, अशा एका प्रसंगाची लेखी हकिकत प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडून मागवावी. नकार रुग्णाच्या कुटुंबाकडून आला, गावप्रमुखाकडून आला की दुसऱ्या खात्याच्या अधिकाऱ्याकडून, यावरून कोणाला काय शिकवायचे हे ठरते. छावणीत काम करणाऱ्या परिचारिकेला कराराचा मसुदा लिहिता येण्याची गरज नसते, मंत्रालयातील अधिकाऱ्याला ती असते. ऐकून घेण्याचा सराव मात्र दोघांनाही लागतो आणि माझ्या मते निम्मा वेळ त्यासाठीच राखून ठेवावा.

'अमुक समाजाचे लोक नजरेला नजर देत नाहीत' अशा याद्या शिकवू नयेत. त्या पाठ करणे सोपे असते, म्हणूनच त्या धोकादायक ठरतात, कारण समोरच्या माणसाला विचारण्याआधीच त्याचे उत्तर गृहीत धरण्याची सवय त्यांतून लागते. मेलानी टेर्वलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी 1998 मध्ये 'सांस्कृतिक नम्रते'ची कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती पूर्णपणे अवगत झाली असे कधीच मानू नये आणि स्वतःचे पूर्वग्रह आयुष्यभर तपासत राहावे, असा तिचा आशय आहे. तिचा सराव घेण्यासाठी मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी सुचवलेले प्रश्न उपयोगी पडतात: या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, तो याच वेळी का सुरू झाला असावा, आणि त्याची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. प्रशिक्षणार्थीने दहा मिनिटे केवळ प्रश्न विचारावेत, एकही सल्ला देऊ नये, आणि पहिला सल्ला कितव्या मिनिटाला तोंडून निघाला याची नोंद निरीक्षकाने करावी. अनुभवी डॉक्टरांना हा सराव नवख्यांपेक्षा जड जातो, कारण निदान सांगणे हीच त्यांच्या बोलण्याची रीत झालेली असते.

दुभाष्यासोबत काम करणे हा वेगळा आणि पूर्ण सत्राचा विषय आहे. बोलताना दुभाष्याकडे न पाहता रुग्णाकडे पाहावे आणि 'त्यांना विचारा' असे न म्हणता प्रश्न थेट रुग्णालाच करावा. वाक्ये छोटी ठेवावीत आणि कुटुंबातील मुलांना दुभाषी म्हणून वापरू नये, कारण वाईट बातमी सांगण्याचे ओझे त्यांच्यावर पडते आणि रुग्णही त्यांच्यासमोर बऱ्याच गोष्टी लपवतो. शेवटी 'समजले का?' असे विचारू नये. त्याऐवजी रुग्णाला ऐकलेले त्याच्या शब्दांत सांगायला लावावे, म्हणजे आपण नीट समजावले की नाही हे कळते.

यानंतर खऱ्या घटनांकडे वळावे आणि प्रत्येक घटनेची उकल गटाकडूनच काढून घ्यावी. 2003 मध्ये उत्तर नायजेरियातील कानो राज्याने पोलिओ लसीकरण थांबवले. लसीविषयीच्या अफवांना तेथे जुन्या अविश्वासाची पार्श्वभूमी होती: 1996 च्या मेंदूज्वराच्या साथीत एका परदेशी औषध कंपनीने त्याच भागातील मुलांवर केलेली चाचणी लोकांच्या स्मरणात होती. तेव्हा लसीच्या सुरक्षिततेची आकडेवारी पुन्हा पुन्हा वाचून दाखवणे पुरेसे ठरले नाही. धार्मिक आणि राजकीय नेतृत्वाशी बोलणी झाली, इंडोनेशियात तयार झालेली लस स्वीकारली गेली आणि 2004 मध्ये मोहीम पुन्हा सुरू झाली. येथे गटाला एकच प्रश्न विचारावा: वैज्ञानिकदृष्ट्या काहीही न बदलता नेमके काय बदलले?

2014 च्या पश्चिम आफ्रिकेतील इबोला साथीतही असेच घडले. मृतदेहापासून संसर्ग होत असल्याने कुटुंबाला बाजूला सारून अंत्यविधी उरकले जात, तेव्हा लोक मृतदेह लपवू लागले. त्या वर्षाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची जी पद्धत दिली, तिच्यात प्रार्थनेला आणि नातेवाइकांच्या उपस्थितीला जागा होती. या घटनेवरून प्रशिक्षणार्थींना दोन रकाने भरायला सांगावेत: कोणत्या गोष्टीत वैद्यकीय तडजोड शक्यच नाही, आणि कोणती गोष्ट केवळ आपल्या सोयीची आहे. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब निघतो.

राष्ट्रांमधील वाटाघाटींसाठी अभिरूप बैठक घ्यावी. इंडोनेशियाने 2007 मध्ये बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने देणे थांबवले, कारण आपल्या नमुन्यांपासून बनलेली लस आपल्यालाच परवडणार नाही, अशी त्या देशाची तक्रार होती. या वादातून 2011 मध्ये नमुने आणि लाभ यांच्या वाटपाची आंतरराष्ट्रीय चौकट तयार झाली. गटांना वेगवेगळ्या देशांच्या भूमिका द्याव्यात आणि प्रत्येकाला कोठपर्यंत माघार घेण्याचा अधिकार आहे, याची गुप्त चिठ्ठी द्यावी. वादग्रस्त मजकूर चौकोनी कंसांत ठेवून एक परिच्छेद सर्वसंमतीने लिहून घ्यावा. आपल्या वरिष्ठांच्या मान्यतेशिवाय शब्द देऊन बसणे ही डॉक्टरांची नेहमीची चूक येथेच उघडी पडते. बैठकीच्या मध्यावर नव्या साथीची बातमी सोडावी. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार घटनेचे मूल्यमापन झाल्यापासून 24 तासांच्या आत ती जागतिक आरोग्य संघटनेला कळवावी लागते, मग व्यापारावर परिणाम होईल म्हणून थांबा असे सांगणाऱ्या सहकाऱ्याशी कसे बोलावे, याचा सराव आपोआप होतो.

लेखी परीक्षेचा येथे फारसा उपयोग नाही. सहा महिन्यांनी प्रत्येकाकडून अलीकडच्या एका नकाराची हकिकत पुन्हा मागवावी आणि तिच्यात समोरच्याचे म्हणणे किती ओळींत आले आहे ते पाहावे.